मला कोणी शिकवलं नाही

माझा हात माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी तयार केला. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहितोय, कारण दीड वर्षापूर्वी भाईंदरच्या एका हॉलमध्ये माईक हातात धरून मी याच्या बरोबर उलट बोललो. समोर आईबाप बसले होते. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांची मला अजून किळस येते.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील एसटी स्टँडाबाहेर सायकली दुरुस्त करायचे, आई लोकांना शेवया-पापड करून द्यायची. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी सहावीत असताना बाईंनी वर्गाला बैल काढायला सांगितला. माझा बैल बघून शेजारचा ओरडला, "बाई, ह्यानं बाज काढलीय! चार पाय हायत, बसायला जागा बी हाय!" अख्खा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उचलून चांगली मिनिटभर बघितली.

"तुला चित्र येत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही येत, बाई."

"शिकायचंय का?"

"हो."

"मग उद्यापासून मधल्या सुट्टीत ये. डबा खाऊन ये. उपाशी माणसाची रेघ थरथरते."

पहिले तीन महिने मी फक्त रेघा मारल्या. जुन्या वर्तमानपत्रांवर, उभं राहून, मनगट न हलवता खांद्यापासून हात फिरवून. आडव्या, उभ्या, तिरक्या. नंतर बाईंनी प्रयोगशाळेतून एक तांब्या आणला. तो कधी स्टुलावर ठेवायच्या, कधी जमिनीवर, कधी कपाटावर. "तोंड गोल आहे हे तुला ठाऊक आहे म्हणून गोल काढू नकोस. आत्ता इथून किती उघडं दिसतंय तेवढंच काढ." एक डोळा मिटून, पेन्सिल लांब धरून मी तांब्याची मापं घ्यायचो. बाई मागे उभ्या असायच्या. चूक झाली की शेजारच्या कागदावर काढून दाखवायच्या. माझ्या कागदाला त्यांनी पाच वर्षांत कधी हात लावला नाही. एकदा मी कंटाळून म्हटलं, "बाई, तुम्हीच एक रेघ मारून द्या ना." त्या म्हणाल्या, "मग खाली सही कोणाची करायची?"

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत मी पहिल्या वेळी नापास झालो. घरी सांगायची लाज वाटली म्हणून आधी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या पेपरात?" मी सांगितलं. "बरं. तोच करू," म्हणाल्या आणि पुढच्या वर्षी परत बसवलं. बी ग्रेड मिळाली. पुढे शहरातल्या कला महाविद्यालयाचा फॉर्म भरायला त्या स्वतः माझ्याबरोबर एसटीने आल्या, त्यांचा ड्रॉइंग बोर्ड मला देऊन टाकला, आणि मी पदवीधर झालो. वडिलांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं.

हे सगळं मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो. भाईंदरला येईपर्यंत.

पदवीनंतर वर्षभर इकडेतिकडे काम केल्यावर मला भाईंदर पूर्वेच्या एका चित्रकलेच्या क्लासमध्ये शिक्षक म्हणून नोकरी लागली. क्लास स्टेशनजवळ, फरसाणच्या दुकानावर. खालून तळणीच्या तेलाचा वास यायचा, वर वॉर्निशचा असायचा, आणि दोन्ही मिळून जो वास व्हायचा तो माझ्या शर्टाला कायमचा चिकटला. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणायचे. त्यांना चित्र काढता येत नव्हतं असं नाही. त्यांना तीन चित्रं येत होती. मोर, गणपती आणि सूर्यास्त. वीस वर्षं त्यांनी तीच तीन काढली होती. पण माणसाशी बोलायचं कसं ते त्यांना येत होतं. समोरचा गुजराती असला की गुजराती, मारवाडी असला की हिंदी, आमच्याशी मराठी.

दारातून आत शिरताच एक मोठा बोर्ड होता. डावीकडे मुलाने प्रवेश घेतला त्या दिवसाचं चित्र, उजवीकडे सहा महिन्यांनंतरचं. डावीकडे वेडावाकडा हत्ती, उजवीकडे फोटोसारखा हत्ती. मी पहिल्याच आठवड्यात बघितलं की डावीकडची चित्रं मालक स्वतः काढतात. चहा पिता पिता, डाव्या हाताने. मला वाटलं ते गंमत करतायत. मी हसलोसुद्धा. मग त्यांनी तो कागद टाचणीने बोर्डाला लावला आणि खाली एका मुलीचं नाव लिहिलं.

"सर, हे त्या मुलीचं नाही," मी म्हटलं.

"तिचं पहिल्या दिवसाचं चित्र होतं कुठे? रडत होती नुसती," ते म्हणाले. "रडणं लावू का बोर्डावर?"

उजवीकडचं चित्र कसं तयार होतं तेही महिन्याभरात कळलं. वर्षातून दोनदा प्रदर्शन व्हायचं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मुलांना सुट्टी द्यायची आणि आम्ही शिक्षकांनी दुपारी बसून त्यांची चित्रं पूर्ण करायची. त्याला क्लासमध्ये फिनिशिंग म्हणत. मुलाची रेघ पुसायची नाही, तिच्याच बाजूला दुसरी मारायची. रंग त्याच छटेचे, पण जरा समजून. अगदी सफाईदारही करायचं नाही, नाहीतर आईबापांना संशय येतो. नऊ वर्षांचं मूल जितपत चुकेल तितपत चुकायचं.

हे काम मला सगळ्यात चांगलं जमायचं. लिहितानासुद्धा शिसारी येते. बाईंनी मला जे बघायला शिकवलं होतं, ते वापरून मी लहान मुलांच्या हाताचं थरथरणं खोटं काढायचो. मालक खांद्यावरून बघून म्हणायचे, "काय थरथर आलीय, बॉस! एकदम ओरिजिनल."

आणि टॅलेंट टेस्ट. नवीन मूल आलं की त्याच्याकडून एक गोल काढून घ्यायचा. मालक तो कागद उजेडाकडे धरायचे, डोळे बारीक करायचे, आणि आईकडे वळून हळू आवाजात सांगायचे, "भाभी, गॉड गिफ्ट है." आईचा चेहरा फुलायचा. प्रत्येकच मुलाला गॉड गिफ्ट असायची. एकदा एका मुलाने चिडून गोल काढायलाच नकार दिला, कोरा कागद परत दिला. मालक म्हणाले, "मूडी है. आर्टिस्ट ऐसे ही होते हैं."

मी त्यांना एकदा विचारलं, "मेहनतीने येतं असं सांगितलं तर काय होईल?"

"पब्लिक पळून जाईल," ते म्हणाले. "अरे, आठ तास ऑफिस, चार तास प्रवास, घरी सासू. मेहनत ते रोज करतायत. इथे येऊन पण मेहनतच ऐकायची? त्यांना एक तरी गोष्ट फुकट मिळालीय असं वाटायला पाहिजे."

हे मला तेव्हा पटलं आणि मी कामाला लागलो. आज वाटतं, पटलं होतं असं नाही. नोकरी हवी होती.

अशात एके दिवशी दुपारी भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या एक काकू आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, नीटनेटकी साडी, हातात कापडी पिशवी. त्यांचं घराणं तिथलं जुनं, एके काळी मिठागरं आणि भातशेती असलेलं. मालकांना वाटलं नातवाला घालायला आल्यात.

"नातू कुठंय, काकू?"

"नातू शालंत हाय. मना शिकाचा हाय."

"तुम्हाला?" मालक माझ्याकडे बघून हसले. "या वयात?"

"का? वय झाल्यावर डोले दिसत न्हाय का?"

त्यांना एकच चित्र काढायचं होतं. त्यांचं मिठागर. आता तिथे काही उरलं नाही, फोटोही नाहीत, कारण रोज बघतो त्याचा फोटो कोण काढतो. नातवाने मिठागर म्हणजे काय असं विचारलं, त्यांनी सांगितलं, त्याला कळेना. मग त्याने मोबाईलवर कुठल्या तरी दुसऱ्या गावची मिठागरं काढून दाखवली. "त्यात पांढरे डोंगर होते," काकू म्हणाल्या, "आमचा तसा नव्हता." घरात आता मिठागरावर राबलेलं एकच माणूस उरलं होतं, त्यांचे सासरे. नव्वदीचे, अंथरुणावर. बोलणं कमी झालेलं, पण समज शाबूत. "त्यांच्यासमोर चित्र धराचा हाय," त्या म्हणाल्या. "ते सांगतील बरोबर हाय का चूक. त्यांच्यामागं कोन सांगनार?"

मालकांना प्रौढ विद्यार्थिनीत रस नव्हता. त्यांनी काकू माझ्या गळ्यात घातल्या. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी एक वाजता, मुलं शाळेत असतात तेव्हा.

आठवड्यातल्या त्या दोन दुपारी हाच माझ्या त्या नोकरीतला एकमेव स्वच्छ भाग होता. क्लास रिकामा असायचा. मालक जेवायला घरी गेलेले. मी काकूंकडून गोल काढून घेतला नाही. वर्तमानपत्र पसरलं आणि म्हटलं, "उभ्या राहा. खांद्यापासून."

तीन आठवड्यांनी त्या कुरकुरल्या. "मास्तर, किती रेगा? सून इचारते, आई पागल झाल्या काय? घरातली सगली बिलं पाठीमागून भरली माज्या रेगांनी."

"अजून थोड्या."

"तुमाला पन कुनी असंच छललं होतं काय?"

म्हणून मी त्यांना बाईंबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं. बाजेसारखा बैल, तांब्या, नापास झालो ते, एसटीचा प्रवास. काकू रेघा मारायच्या थांबून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चांगली बाय. मंग मारते."

आणि त्यांनी मारल्या. सहा महिन्यांत त्यांची रेघ सरळ यायला लागली. मग वाटी, मग घागर, मग खिडकीतून दिसणारी समोरची गच्ची. त्यांच्या हातात उपजत काही नव्हतं. पहिली घागर भोपळ्यासारखी आली होती, आणि त्या स्वतःच हसून म्हणाल्या होत्या, "ही घेऊन पान्यावर गेले तर बाया घरी पाठवतील." पण त्या परत काढायच्या. चाळीसेक घागरी काढल्या असतील. मग एक दिवस घागर उभी राहिली.

मग मिठागर सुरू झालं. त्यासाठी त्यांनी दोन महिने घेतले. बांध त्यांनी मी शिकवल्यासारखे दूर जाताना जवळ येणारे काढले, पण एक मधला बांध मुद्दाम वाकडा ठेवला, कारण तो तसाच होता, खेकड्यांनी पोखरून खचलेला. मिठाचे ढीग राखाडी रंगवले. मी म्हटलं, "काकू, मीठ पांढरं ना?" "आमचा मीठ कालपट होता, मास्तर. खाडीचा चिखल त्यात. पांढरा मीठ दुकानातला." आकाश जवळजवळ कोरंच ठेवलं. त्यांना आकाशाशी काही घेणं नव्हतं. चित्र सुंदर नव्हतं. पण ते कोणी तरी बघितलेलं होतं. मला त्याचा फार आनंद झाला होता. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता, तो सासऱ्यांना दाखवून, त्यांनी सांगितलं की करायचा असं काकूंनी ठरवलं होतं. आणि तेवढ्यात प्रदर्शनाचा आठवडा आला. क्लासला सुट्टी पडली. चित्र ओलं होतं म्हणून क्लासमध्येच राहिलं.

मालकांनी ते बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. "हे हॉलच्या दारात. खाली वय टाकायचं. लोक रडतील, बॉस." मग मान वाकडी करून म्हणाले, "पण हे असं नाही चालणार. नकाशा वाटतोय. फिनिशिंग कर. सनसेट टाक जरा. दोन-चार माड."

"सर, मिठागरात माड नसतात. आणि काकूंना विचारल्याशिवाय..."

"विचारायचं काय त्यात? खूश होतील."

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी ब्रश उचलला. खरी घाण पुढे आहे. काम करताना मला मजा यायला लागली. नारिंगी रंग चित्रातल्या पाण्यात सुरेख उतरला. बांधांमधल्या चौकोनाचौकोनांत आभाळाचं प्रतिबिंब पडलं. वाकडा बांध डोळ्याला खुपत होता म्हणून मी तो सरळ केला. ढीग पांढरे केले, त्यांना गुलाबी कडा दिल्या. क्षितिजावर चार माड. मागे सरकून बघितलं आणि मनात म्हटलं, झकास. काकूंनी दोन महिन्यांत काढलेलं सगळं दोन तासांत माझ्या रंगाखाली गेलं होतं, आणि मी झकास म्हणालो होतो.

रविवारी सकाळी हॉल भरला. स्वागताला गुलाबपाणी शिंपडत होते, मुलींना चमकीचे मुकुट घातले होते. मालकांनी मला बाजूला घेतलं.

"पाच मिनिटं तू बोल. आम्ही तुला इंट्रोड्यूस करणार, बॉर्न आर्टिस्ट म्हणून. पण ते तुझं बाई-बिई, तांब्या-बिंब्या नको हां. नापास झालो ते तर नकोच नको. सांग, लहानपणापासून आपोआप यायचं."

"पण सर, बाईंनीच..."

"बाई बसलीय का इथे समोर?"

नव्हत्या. साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर त्या बहुतेक अंगणात पाणी मारत असतील. मी माईक घेतला. आणि मी म्हणालो, "मला कोणी शिकवलं नाही. हात आपोआप चालायचा. ही देवाची देणगी असते."

वाक्य मराठीत होतं, म्हणून मालकांनी लगेच हिंदीत सांगितलं. टाळ्या. पुढच्या रांगेतला एक बाप उभा राहून म्हणाला, "मतलब सर, प्रॅक्टिस की टेन्शन नहीं?" मालक म्हणाले, "जिसमें है, उसको काहे की टेन्शन!" परत टाळ्या. मला त्या वेळी वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला छान वाटत होतं. पहिल्यांदाच कोणी तरी मला सायकलवाल्याचा मुलगा म्हणून नाही, काही तरी खास म्हणून बघत होतं.

खाली उतरलो तर दारापाशी काकू उभ्या होत्या. त्या कधी आल्या मला माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चित्राकडे पाठ होती, माझ्याकडे तोंड.

"मास्तर," त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या बाई मेल्या काय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"न्हाय ना? मंग जित्या मानसाला असा पुरतात काय?"

मालक हसत पुढे आले. "काकू, चित्र बघितलंत? सगळे फोटो काढतायत तुमच्या चित्राबरोबर! हात आहे हो तुमचा, गॉड गिफ्ट!"

काकू वळल्या. चित्राच्या जवळ गेल्या. मग बोटाने दाखवलं. "ह्ये काय? माड? मिठागरान माड?" बोट खाली सरकलं. "माजा बांध कुटं हाय?"

"जरा फिनिशिंग केलं," मालक म्हणाले.

"कुनी?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी."

"पुसता येईल?"

"नाही, काकू."

त्यांनी मान हलवली, जशी बाजारात नासकी मासळी बघून हलवतात. "हा माजा न्हाय," त्या म्हणाल्या. "ठेवा तुमच्याकडंच. बाबांसमोर हा धरला तर ते म्हनतील, सूनबाय, ह्या कुनाच्या गावचा आनला?" आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. चित्राच्या खाली त्यांचं वय लिहिलेली पट्टी होती. लोक तिच्यासमोर उभे राहून मोबाईलने फोटो काढत होते.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसलो आणि घास उचलला तर मला माझ्या उजव्या हाताची किळस आली. खरंच आली. चमच्याने जेवलो. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये गेलो तर फिनिशिंगचे ब्रश तसेच ओट्यावर वाळून कडक झाले होते. मालक म्हणाले, "तुझं भाषण हिट झालं. बारा नवीन ॲडमिशन." तो आठवडाभर जो कोणी आत आला तो मला बॉर्न आर्टिस्ट म्हणाला, आणि दर वेळी अंगावर कोणी तरी थुंकल्यासारखं वाटलं. काकू मंगळवारी आल्या नाहीत. शुक्रवारीही नाही.

पुढच्या मंगळवारी एक वाजता मी मोरव्याला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. एका बिल्डिंगच्या मागे त्यांचं जुनं कौलारू घर अजून उभं होतं. काकू ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. आत पलंगावर त्यांचे सासरे पडले होते. त्यांच्या उशाशी, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, काकूंनी परत पहिल्यापासून मिठागर काढायला घेतलं होतं. साध्या पेन्सिलीने. वाकडा बांध होता.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काकूंना विचारलं, "हा त्योच काय? माडवाला?"

"त्योच."

"मिठागरान माड!" म्हाताऱ्यांना हसू आलं आणि हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी बोट कागदावर टेकवलं. "उघाडी कुटं हाय?" उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची लाकडी झडप. काकू ती विसरल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला, कागद मांडीवर घेतला आणि काढायला लागल्या. झडप आली, पण तिच्यातून आत येणारं पाणी काही केल्या येईना. जाड दोरी लटकल्यासारखं दिसत होतं. मला सांगायला तोंड उघडावंसं वाटलं.

काकूंनी वर न बघता म्हटलं, "आदी तुमच्या बाईंना लिवा. मंग माज्या कागदाकडं बघा."

"फोन करतो, काकू. आत्ताच करतो."

"फोन न्हाय. फोनवर मानूस कायपन बोलतो नि आवाज गोड करतो. लिवा. काय केला ते सगला लिवा."

महिनाअखेरीला मी क्लास सोडला. मालकांनी वाईट वाटून घेतलं नाही, प्रदर्शनानंतर बोर्डावर लावलेला माझा फोटो काढून दुसऱ्या शिक्षकाचा लावला. खालचं बॉर्न आर्टिस्ट तसंच ठेवलं. पण पत्र मी त्याआधीच, मोरव्याहून आलो त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलं. चार कागद फाडले, कारण प्रत्येकात मी स्वतःला जरासा चांगला दाखवत होतो. पाचवा पाठवला. तो असा:

बाई,

खुशाली विचारण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ती वाचून तुम्हाला पुढचं पत्र वाचावंसं वाटलं तरच वाचा.

गेल्या पंधरवड्यात इथे भाईंदरला एका कार्यक्रमात मी पुष्कळ लोकांसमोर सांगितलं की मला चित्रकला कोणी शिकवली नाही. हे खोटं आहे. मला तुम्ही शिकवली. मला येत नव्हतं, मी नापास झालो होतो, तुम्ही परत बसवलंत. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. नोकरी जाईल अशी भीती होती, पण कारण तेवढंच नव्हतं. तसं बोलताना मला बरं वाटलं. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कधीच कळलं नसतं, म्हणून मीच कळवतो.

दुसरं त्याहून वाईट आहे. मी एका विद्यार्थिनीच्या चित्रावर तिला न विचारता रंग दिला. ते तिच्या सासऱ्यांना दाखवायचं होतं. आता ते चित्र राहिलं नाही. तिने न रडता, न भांडता दुसरं काढायला घेतलं आहे. तिचे सासरे फार म्हातारे आहेत. वेळ किती आहे सांगता येत नाही.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको आहे. ही नोकरी मी महिनाअखेरीला सोडणार आहे. यात मोठेपणा काही नाही, त्या खोलीत आता मला श्वास घेववत नाही.

आता अडचण. त्या काकूंच्या नव्या चित्रात एक लाकडी झडप आहे. खाडीचं पाणी तिच्यातून फूटभर खाली पडतं आणि पुढे उथळ जागेत पसरतं. त्यांना ते पाणी जमत नाहीये. घरी येऊन मीही काढून बघितलं. मला गेली काही वर्षं फक्त दिसायला छान पाणी काढायची सवय लागली आहे, आणि त्यांना खरं हवं आहे. मला शिकवता येत नाही, कारण मलाच येत नाही. मी काढलेलं सोबत पाठवतो आहे. पाणी पडतं तिथे ते दोरीसारखं दिसतं आणि पसरतं तिथे काचेसारखं. कुठे चुकतंय ते लवकर कळवा.

तुमचा विद्यार्थी